बारा मालक

"करपलाय," गौदियोसा दोम्निकाच्या कानाशी पुटपुटली. "खालून बघ. मन नाही तिचं आता भट्टीत."

दोम्निकाने पाव उलटा करून बघितला. बूड नेहमीसारखंच होतं, तांबूस, नेहमीसारखीच थोडी राख लागलेलं. "कुठे करपलाय, आजी? तुझ्या डोळ्यात फूल पडलंय."

"डोळ्यांना काय करायचंय. जिभेला कळतं."

"जीभ लावलीस कुठे अजून?"

गौदियोसाने पाव मांडीत घेतला आणि बोटाने त्यातला मऊ भाग कोरायला सुरुवात केली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. मौरा तिच्यासाठी रोज एक पाव मुद्दाम लवकर बाहेर काढायची, म्हणजे कड घट्ट होऊ नये. आजही काढला होता. तो मऊ भाग पाणी घातलेल्या वाइनमध्ये बुडवून चोखत म्हातारी पुन्हा म्हणाली, "करपलाय."

चर्चच्या दक्षिणेकडच्या दाराला सहा पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांवर ऊन आधी येई. यादीतली माणसं सकाळी तिथेच बसत. यादी म्हणजे बिशपांच्या पुस्तकात ज्यांची नावं लिहिलेली होती असे शहरातले बारा गरीब. त्यांना रोजचा पाव, आठवड्याला तेल, हरभरे, सणाला डुकराचं मांस आणि दोन वर्षांतून एकदा झगा मिळे. त्यांनी चर्चचं दार राखायचं, झाडलोट करायची आणि ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. बाराच का, तर प्रभूचे शिष्य बारा. तेराव्याने वाट बघायची, आणि कशाची वाट बघायची हे तेराव्यालाही ठाऊक असे आणि बाराजणांनाही.

दोम्निका स्वतः दोन हिवाळे तेरावी होती. नवरा होडीसकट आना नदीत गेला, दिराने घराला आतून कडी घातली, आणि ती या पायऱ्यांशी येऊन बसली. तेव्हा यादीत एक खोकणारा कुंभार होता. दोम्निका त्याच्यासाठी गरम पाणी आणायची, पाठ चोळून द्यायची, त्याला बरं वाटावं म्हणून मनापासून प्रार्थना करायची. आणि तो खोकला की मोजायचीसुद्धा. कुंभार गेला आणि तिचं नाव लागलं. त्याला आता अकरा वर्षं होत आली. यादीतल्या कुणीही कुणाला कधी विचारत नसे की तू कोणाच्या जागेवर आलास.

या सगळ्यांचा पाव मौरा करायची. मौरा चर्चची गुलाम. कुणा जमीनदाराने मरताना आपल्या आत्म्याच्या शांतीसाठी तिच्या आईला चर्चला दिलं होतं. मौरा भट्टीच्या मागच्या खोलीतच जन्मली, तिथेच मोठी झाली, आणि बारा वर्षांमागे तिने तिथेच सबिनाला जन्म दिला. सबिनाचा बाप कोण हे मौराने सांगितलं नाही आणि चर्चने विचारलं नाही. जे जन्मलं ते चर्चचंच होतं. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मुलांना बाप्तिस्मा देतात तेव्हा त्या पोरीला कुंडातून उचलून घ्यायला कोणीतरी धर्ममाता हवी होती. यादीत नवीनच लागलेली दोम्निका पुढे झाली. वर्षाची ती पोर, ओली, थरथरणारी, तिच्या गळ्याला अशी घट्ट बिलगली की दोम्निकाच्या मानेवर नखांचे ओरखडे आठवडाभर राहिले.

आता गोष्ट अशी झाली होती.

जुने बिशप फार चांगले होते. इतके चांगले की त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांना त्रास व्हायचा. बापाचे द्राक्षमळे विकून त्यांनी पकडलेली माणसं सोडवली. दुष्काळात घरातली चांदीची भांडी विकून धान्य आणलं. शेवटी अंगावर एक झगा आणि वाचायला एक पुस्तक राहिलं. मरायच्या आधी दोन महिने त्यांनी मौराला आणि सबिनाला वेदीपुढे उभं केलं, पत्र लिहिलं, ते वेदीवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, या दोघी आजपासून मोकळ्या. लोक रडले. दोम्निका रडली. गौदियोसासुद्धा रडली, आणि नंतर विचारलं, "उद्याचा पाव कोण करणार?" तेव्हा सगळे हसले होते. कारण दुसऱ्या दिवशीचा पाव मौरानेच केला. तिला जायचं कुठे हे अजून ठरवायचं होतं. मग बिशप आजारी पडले, आणि आजारी माणसाचा पाव दुसऱ्याच्या हाती देऊन कसं जायचं म्हणून ती थांबली.

बिशप गेले. तोलेदोहून नवे आले, आणि त्यांच्याबरोबर रेदेंप्तो नावाचा डीकन, म्हणजे कागदपत्रं आणि मालमत्ता बघणारा त्यांचा मदतनीस, आला. त्याला चर्चचे सगळे नियम पाठ होते. त्याने पहिल्या आठवड्यात पेटी उघडली, पत्रं चाळली आणि हे पत्र बाजूला काढलं.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. तो पायऱ्यांवर उभं राहून बोलला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण विषय यादीतल्या माणसांचाच होता. "चर्चची मालमत्ता ही बिशपांची नाही. ती गरिबांची. तोलेदोला बिशपांच्या सभेत ठरलंय. बिशपला चर्चचा गुलाम सोडायचा असेल तर त्याने स्वतःच्या मालकीचे तेवढ्याच कामाचे दोन गुलाम चर्चला द्यायचे. नाही दिले तर सोडणं रद्द. गरिबांचं जो घेतो तो गरिबांचा खुनी, मग तो बिशप का असेना."

फ्रोइला एका हाताचा म्हातारा शिपाई होता. त्याला वाद घालायला आवडायचं. "पण त्यांच्याकडे होतं काय द्यायला? एक झगा होता, तोही अंगावर घालूनच पुरलं त्यांना."

"तेच म्हणतोय मी. नव्हतं काही."

"का नव्हतं? सगळं गरिबांना दिलं म्हणून नव्हतं. तेच धरा की भरपाईत."

"दिलेलं दिलं," डीकन म्हणाला. "दानाची भरपाई होत नसते. नाहीतर ते दान कसलं."

फ्रोइलाने उरलेल्या हाताने मान खाजवली. "म्हणजे त्यांनी थोडं कमी चांगलं असायला हवं होतं," तो म्हणाला. "दोन गुलाम ठेवून घ्यायचे बाजूला."

काहीजण हसले. पण डीकनने पुढचं सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं. उत्तरेला चार दिवसांच्या वाटेवर चर्चची जवसाची शेतं होती, त्या जवसाच्या धाग्याचं कापड तिथेच विणत. तिथल्या विणकर बायकांतल्या दोघी तापाने गेल्या होत्या. सबिना बारा वर्षांची झाली होती. ईस्टरनंतर तिला घेऊन गाडी जाणार होती.

*

नवे बिशप वाईट नव्हते. हेच अवघड होतं. ते तरुण होते, किरकोळ अंगाचे, बारा महिने सर्दी झालेले, आणि त्यांना झोप येत नसे. मौरा त्यांच्या पाया पडायला गेली तेव्हा त्यांनी तिला उठवलं आणि स्वतःच रडकुंडीला आले. तीन दिवस त्यांनी पुस्तकं बघितली. चौथ्या दिवशी त्यांना वाट सापडली. मालमत्ता गरिबांची असेल, तर गरिबांनीच ती सोडली तर कोणाचं काय गेलं? यादीतल्या बाराही जणांनी एकमताने या दोघींवरचा हक्क सोडला, तर सभेत कोणी प्रश्न विचारणार नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, पायऱ्यांवर सगळ्यांना विचारलं जाईल.

मौरा हे ऐकून भट्टीकडे गेली ती पळतच. दोम्निकाने तिला पळताना पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी दोम्निका भट्टीपाशी बसायची. गुडघा धरलेला असायचा आणि भट्टीची बाहेरची भिंत संध्याकाळपर्यंत ऊबदार राहायची. तिथे पाठ टेकून, पाय लांब करून, मांडीत सुपलीभर हरभरे निवडायचे. आत मौरा काथवटीत उद्याची कणीक मळायची. अकरा वर्षं त्या दोघी अशा बोलत आल्या होत्या, एक आत, एक बाहेर, मध्ये उघडं दार.

"अक्का," मौरा म्हणाली. "एक विचारायचं होतं."

"विचार की."

"रविवारी सगळ्यांत आधी तू बोलशील?"

दोम्निकाने एक किडका हरभरा उचलून लांब फेकला. "मीच का?"

"तू बोललीस की बाकीचे बोलतील. कुणी आधी बोललं नाही तर कुणीच बोलत नाही त्यांच्यातलं. तुला माहिताय ना. फ्रोइलाबाबा नुसता वाद घालतो, पण दुसऱ्याने बोट दाखवल्याशिवाय पाय उचलत नाही. आणि क्विरिकोआजोबांना आधी कळायला हवं की गर्दी कुठल्या बाजूला आहे."

"आंधळा आहे बिचारा."

"म्हणून तर त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं."

दोम्निका हसली. मौराही हसली असावी. कणकेवर हात आपटल्याचा आवाज आला.

"बोलेन," दोम्निका म्हणाली. "त्यात काय. माझी लेकच आहे ती."

"मला ठाऊक होतं." मौराने कणकेचा गोळा उलटा टाकला. "आणि मी काही पळून जाणार नाही, अक्का. पुलाच्या अलीकडे लोहाराची जुनी जागा पडून आहे. तिथे भट्टी घालीन. बाजारात विकीन. तुमचा पाव तरीही मीच करीन म्हणते. रोज. बिशपांनी पीठ द्यावं, मी भाजून देईन. काही घेणार नाही त्याचं."

"मग फरक काय पडला?"

मौरा दाराशी आली. हात कोपरापर्यंत पांढरे, कपाळावर पीठ. तिला गंमत वाटत होती, आणि ती गंमत तिला कुणाला तरी सांगायची होती. "आत्ता करते तो करावा लागतो म्हणून करते. तेव्हा माझी मर्जी असेल म्हणून करीन. एखाद्या दिवशी वाटलं नाही तर नाही करणार." ती हसली. "करीनच. पण नाही करणार असं म्हणता तर येईल."

दोम्निका "हो की" म्हणाली. सुपलीतले हरभरे तिने तिसऱ्यांदा निवडायला घेतले.

मर्जी. हा शब्द तिला दिवसभर दाताखाली खड्यासारखा लागत राहिला. दोम्निका अकरा वर्षं मर्जीवर जगत होती. झगा मिळाला तो कुणा व्यापाऱ्याच्या बायकोच्या मर्जीने. तो घेताना तिचा हात डोळ्यांना लावावा लागला आणि तिच्या मेलेल्या मुलाचं नाव वर्षभर प्रार्थनेत घ्यावं लागलं. तेल यायचं ते एका म्हाताऱ्या सरदाराकडून. तो जे काही करून बसला होता ते धुऊन निघायला बारा गरिबांची तोंडं हलायला हवी होती. सगळ्यांचे आभार. सगळ्यांना आशीर्वाद. गरीब माणसाला तोंड मिळतं तेच मुळी आभार मानायला. एका मौराच्या पावाचे आभार मानावे लागत नव्हते. तो हक्काचा होता. त्याला नावं ठेवता येत होती.

हा विचार मनात आल्याबरोबर तिने तो झटकला. सबिना पाण्याची घागर घेऊन आली, तिच्याजवळ टेकली, आणि न विचारता तिचा गुडघा दाबायला लागली. पोरीच्या हातांना आईसारखा जोर होता.

"अम्मा, पुलाजवळून नदी दिसते का गं रोज?"

"दिसते. नको म्हटलं तरी दिसते."

"मला पोहायला शिकवशील?"

"मला कुठे येतं? मला आलं असतं तर मी होडीवाल्याशी लग्न केलं असतं का, त्याच्याऐवजी मीच होडी चालवली नसती?"

सबिना खिदळली. आत मौरा काहीतरी गुणगुणत होती. दोम्निकाने डोळे मिटले आणि पाठ भिंतीला आणखी थोडी चिकटवली.

*

रविवार येईपर्यंत पायऱ्यांवर त्या विषयावर कोणी बोललं नाही. बोलले ते आजूबाजूचं. वारा किती सुटलाय. बाजारातले पाव किती लहान झालेत, आणि त्यात भुसा घालतात म्हणे. शेजारच्या शहरात चर्चचा पाव कंत्राटाने देतात, तिथली यादीतली माणसं कशी वाळून गेलीत. फ्रोइलाने सांगितलं की त्याच्या ओळखीत एका मोकळ्या झालेल्या गुलामाने मालकाला रस्त्यात ओळखही दाखवली नाही.

"का दाखवावी?" दोम्निकाने विचारलं.

"तसं नाही. सांगितलं आपलं."

क्विरिको तरुणपणी चर्चमध्ये वाचन करायचा. डोळे गेल्यावर यादीत आला. त्याला सगळी स्तोत्रं पाठ होती आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असायचं. "गुलामी ही देवाने केलेली नाही," तो म्हणाला. "ती पापातून आली. पापाची शिक्षा आहे ती."

"कोणाच्या पापाची?" गौदियोसाने विचारलं. "मौराने काय केलंय?"

"तिने नाही. आपल्या सगळ्यांच्या आदिबापाने."

"मग आपण पण त्याचीच लेकरं की रे."

"म्हणून तर आपण इथे पायरीवर बसलोय," क्विरिको म्हणाला. त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

शनिवारी गौदियोसाने दोम्निकाला कोपराने ढोसलं. "तू काय म्हणणार उद्या?"

"सोडते म्हणणार."

"हो, म्हणायलाच हवं. बिचारी." म्हातारीने पावाचा मऊ गोळा गालात धरला. "मी पण म्हणेन. तू म्हणालीस तर."

प्रत्येकजण दुसऱ्या कुणीतरी म्हटलं तर म्हणणार होता. दोम्निकाच्या हे ध्यानात आलं आणि तिला बरं वाटलं. मग मौराचं बोलणं आठवलं आणि वाईट वाटलं. सगळं खरोखरच तिच्यावरच येऊन थांबलं होतं. तिला रात्री झोप लागली, ही गोष्ट तिने नंतर स्वतःला फार दिवस माफ केली नाही. निवांत झोप लागली.

*

रविवारी प्रार्थनेनंतर ऊन पायऱ्यांच्या मध्यापर्यंत आलं होतं. बाराजण ओळीने बसले. बिशप बाहेर आले, त्यांनी खुर्ची नको म्हटलं आणि सगळ्यांच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. यादीतल्यांना फार अवघडल्यासारखं झालं. पाय कुठे ठेवावे कळेना. डीकन रेदेंप्तो मेणाची पाटी घेऊन कडेला उभा राहिला. कमानीखाली मौरा उभी होती, धुतलेला रुमाल डोक्याला बांधून, आणि तिच्या पुढ्यात सबिना. मौराचे दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर होते. शहरातली पाच-पन्नास माणसं मागे थांबली होती.

डीकनने पत्र वाचलं. मग नियम वाचला. मग पत्र का चालत नाही ते सांगितलं.

बिशपांनी नाक पुसलं. "हे धन माझं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान होता, पण ऐकू येत होता. "मी राखणदार. मालक तुम्ही. राखणदाराने मालकाची वस्तू कुणाला देऊन टाकली तर त्याला चोर म्हणतात, मग त्याचं मन कितीही मोठं असो. पण मालकाने आपणहून सोडली तर तिला दया म्हणतात. मी तुमच्याकडे दया मागायला आलोय. बाराही जणांनी 'सोडतो' म्हणायला हवं. एकाने जरी नाही म्हटलं तरी माझे हात बांधलेले आहेत. कुणावर जबरदस्ती नाही, आणि कुणाला नंतर बोल लावला जाणार नाही. आधी कोण बोलतं?"

मालक म्हटल्यावर फ्रोइलाला हसू आलं होतं. ते त्याने दाबलं, पण दोम्निकाला दिसलं.

मौराने दोम्निकाकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. ठरलेल्या वेळी ठरलेलं माणूस येणार हे माहीत असल्यावर माणूस जसं रस्त्याकडे बघतं, तशी ती बघत होती. दोम्निकाच्या ओठांवर शब्द तयार होता. तेवढ्यात गुडघ्यातून कळ आली. खरंच आली, ते ढोंग नव्हतं. ती वाकली आणि गुडघा चोळू लागली. कळ थांबली तरी चोळत राहिली. दोन श्वास जातील एवढाच वेळ. तिसऱ्या श्वासाला गौदियोसा बोलली.

"मला म्हातारीला काय विचारता, बिशपबाबा. माझा तर जीव तुटतो तिच्यासाठी. बाहेर चोर, तापाच्या साथी. पोरीला घेऊन कुठे भटकेल? इथे सावली आहे, देवाची आहे. राहू द्या तिला सावलीत. मला घोर नका लावू."

"म्हणजे नाही?" डीकनने विचारलं.

"म्हणजे माझा जीव तुटतो."

डीकनने मेणावर खूण केली.

मग ते सोपं झालं. फ्रोइला म्हणाला, एकट्या मोकळ्या बायकांचं रस्त्यावर काय होतं ते त्याने सैन्यात असताना डोळ्यांनी बघितलंय, आणि ते तो कुणाच्या लेकीबाळींवर येऊ देणार नाही. त्याने फक्त बघितलंच असेल का, असं दोम्निकाच्या मनात आलं. क्विरिको म्हणाला, देवापुढे गुलाम आणि मोकळा असा फरकच नाही. मग जो फरक नाहीच तो मागायचा कशाला, उलट मागणाऱ्याचा विश्वास त्याने डळमळतो. एकाने म्हटलं, मालमत्ता आपल्या बाराजणांचीच नाही, आपल्यानंतर जे गरीब येतील त्यांचीही आहे, अजून न आलेल्या माणसांच्या वतीने आपण कसं सोडणार. हे सगळ्यांना फार पटलं. त्याच्या पुढच्या तिघांनी तेच सांगितलं. एकीने नुसतं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि मान हलवली. मुक्या न्हाव्याने हात जोडून आकाशाकडे बोट दाखवलं. उरलेल्या दोघांनी म्हटलं, बाकीचे म्हणतील तसं.

एकानेही वाईट शब्द काढला नाही. ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटलं असतं की या दोघींवर या शहरात सगळ्यांचा केवढा जीव आहे.

बिशपांनी डोळे मिटले होते. कमानीखाली मौरा तशीच उभी होती, मात्र सबिनाच्या खांद्यांवरची तिची बोटं आता पांढरी पडली होती. पोर आईकडे मान वर करून काहीतरी विचारत होती आणि आई तिच्या डोक्यावरून समोर बघत होती.

"एकच राहिल्या," डीकन म्हणाला. "दोम्निकाबाई. तुमच्या बोलण्याने आता फरक पडायचा नाही, पण नोंदीसाठी सांगा."

फरक पडायचा नाही. दोम्निकाला ते ऐकून हलकं वाटलं. छातीवरचा दगडच कुणी उचलला. आता 'सोडते' म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं. बारांत एक होती जी सोडते म्हणाली, असं लोक वर्षानुवर्षं सांगतील. मौरा ते ऐकेल. सबिना गाडीत बसून जाताना म्हणेल, अम्मा माझ्या बाजूने बोलली होती. आणि उद्या सकाळी पाव येईल, आणि दुपारी भिंत ऊबदार असेल, आणि दाराआडून मौरा बोलेल, आणि काही म्हणजे काही द्यावं लागणार नाही. दया इतकी स्वस्त तिला जन्मात कधी मिळाली नव्हती.

तिने तोंड उघडलं. मौरा तिच्याकडे बघत होती. अजूनही तशीच, रस्त्याकडे बघावं तशी. उशीर झालेल्या माणसाचीही वाट बघणारं बघणं.

"दोम्निकाबाई?"

"लिहू नका अजून," ती म्हणाली. ती उठून उभी राहिली. अकरा वर्षांत ती बिशपांपुढे हाताचा आधार न घेता कधी उभी राहिली नव्हती. "मला आधी बोलायचं होतं. मी तिला तसा शब्द दिला होता. मी गुडघा चोळत बसले. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून विचारलंत तर पुन्हा चोळत बसेन."

"बाई, कोणी तुम्हाला दोष देत नाही," बिशप हलकेच म्हणाले.

"देत नाही म्हणूनच बोलतेय."

"बस गं खाली," गौदियोसाने तिचा झगा ओढला. "पाय दुखतोय तिचा, बिशपबाबा. काहीतरी बडबडतेय."

"पाय बरा आहे माझा आता." दोम्निकाने झगा सोडवून घेतला. "ही आजी म्हणते घोर लागेल. तो म्हणतो चोर आहेत. क्विरिको म्हणतो फरकच नाही. कुणी पावाचं नावही काढलं नाही. पण बाबा, पावाचंसुद्धा नाही हे. पाव ती देणारच होती. पुलाशी भट्टी घालून रोज देणार होती, काही न घेता. मला सांगितलं तिने. मी घरी, म्हणजे इथे पायरीवर येऊन बसले आणि मला तो पाव गोड लागेना. कारण तो तिच्या मर्जीचा असता. मला तिला आशीर्वाद द्यावे लागले असते. तिचे हात डोळ्यांना लावावे लागले असते, जसे त्या व्यापारिणीचे लावते."

डीकनची लेखणी मेणावर टेकलेलीच राहिली होती.

"तुम्ही आम्हाला मालक म्हणालात तेव्हा तो फ्रोइला हसला," ती म्हणाली. "हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. या शहरात उठल्यापासून झोपेपर्यंत आम्ही सगळ्यांच्या खाली. कुत्र्यांच्यासुद्धा. एक ही मौरा तेवढी आमच्याही खाली आहे. ती गेली तर आमच्या खाली कोणी उरत नाही, बाबा. म्हणून आम्हाला ती सोडायची नाही. मलाही नाही."